चार किलो कमी, खडखड जास्त

क्लच ही वस्तू समजून घ्यायची तर संभाजीनगरहून जालना रोडला लागावं. शहर संपता संपता चिकलठाणा एमआयडीसी येते. मोटारींच्या क्लच प्लेटा आणि प्रेशर प्लेटा बनवणारी सीके डायकिन ही कंपनी इथलीच. जपानच्या डायकिन मॅन्युफॅक्चरिंगने १९९५ साली एक्सेडी हे नाव घेतलं आणि पुढे इथल्या कंपनीची पाटीही एक्सेडी इंडिया अशी झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स ही कंपनी दुचाकींचे क्लच बनवते. इकडे केंब्रिज चौक ओलांडून पुढे गेलं की शेंद्रा. स्कोडाच्या इथल्या कारखान्यातून २००१ साली ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली आणि मराठवाड्याच्या रस्त्यावर युरोपी बांधणीची मोटार नवलाईची राहिली नाही. कुंभेफळ मागे टाकून आणखी थोडं पुढे गेलं की करमाड. रेल्वे स्टेशनचं गाव, समृद्धी महामार्गाच्या जवळचं गाव, आणि आता ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत ज्याच्या शिवारातली जमीन गेली ते गाव.

क्लच कारखान्यात जन्माला येतो, पण त्याचं म्हातारपण अशा रस्त्याकडेच्या गॅरेजांत जातं. वॉरंटी संपलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली गाडी इथेच खोलली जाते. आणि इथेच अलीकडे एक हौस पुरवली जाते, फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर टेकतो ते इंजिनाचं जड चाक, हलकं करण्याची. तशी हौस जुनी आहे. शर्यतीच्या आणि रॅलीच्या गाड्यांत ती नेहमीच होती. स्कोडाने २००४ साली ऑक्टाव्हियाची आरएस ही आवृत्ती भारतात आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती म्हणजे त्या काळात आपल्याकडे नवलच होतं. अशा गाड्या जुन्या होऊन परवडणाऱ्या भावात मिळू लागल्या, तेव्हा ही हौस शर्यतीच्या मैदानातून रोजच्या रस्त्यावर आली.

हौस पुरवून झाली की तक्रार येते. मिस्त्रीला ती पाठ असते. ‘भाऊ, पिकअप एकदम झकास झालाय. पण सिग्नलला उभी राहिली की गिअरबॉक्समधून खडखड येते. क्लच दाबला की बंद. बेअरिंग गेलं का?’ बेअरिंग बहुधा गेलेलं नसतं. काहीच बिघडलेलं नसतं. जे चाक एक काम गुपचूप करत होतं त्याच्याकडून ते काम काढून घेतलेलं असतं, आणि ते दुसऱ्या कोणाला सोपवायचं राहून गेलेलं असतं.

जड चाक करतं काय?

विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडत होती तेव्हा फ्लायव्हील सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. इंजिनाच्या अंगाबाहेर फिरणारं बिडाचं भलंमोठं चाक. ते एवढं मोठं का, याचं उत्तर सिलिंडरांच्या संख्येत आहे. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधन पेटतं. मिनिटाला ६५० फेऱ्यांनी चालणारं असं इंजिन सेकंदाला जेमतेम पाच-साडेपाच धक्के देतं. एका धक्क्यानंतर दुसरा येईपर्यंत धूर बाहेर ढकलायचा, हवा आत घ्यायची आणि ती दाबायची. ही सगळी कामं इंजिन चाकात साठवलेल्या गतीवर उरकतं. चाक काढलं तर इंजिन पहिल्या धक्क्यानंतर दुसऱ्यापर्यंत पोहोचणारच नाही.

मोटारीत बहुधा चार सिलिंडर असतात, त्यामुळे दर फेरीला दोन धक्के मिळतात. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला जवळपास २७. तीन सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्याच फेऱ्यांना २०. पण हेही धक्केच, सलग धार नव्हे. धक्का बसला की क्रँक उसळी घेतो, पुढच्या सिलिंडरमधली हवा दाबताना मंदावतो, पुन्हा उसळतो. टॅकोमीटरचा काटा ८०० वर स्थिर दिसतो तो सरासरी दाखवतो म्हणून. आत प्रत्येक फेरीत वेग दोनदा वर-खाली होत असतो. फ्लायव्हीलचं जडत्व ही उसळी पोटात घेतं. जडत्व जितकं जास्त तितका चढउतार कमी, हे सरळ व्यस्त प्रमाण आहे. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्रँक मिळून जे एकूण जडत्व होतं ते चौथ्या हिश्श्याने घटवलं, तर वेगातला चढउतार साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतो.

म्हणजे हलक्या फ्लायव्हीलने इंजिन काही नवं करायला लागत नाही. ते आधीपासूनच उसळत होतं. फक्त आता ते गिअरबॉक्सला समजतं.

फायद्याचा हिशोब

मग लोक हे करतात कशासाठी? फायदा खरा आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो. उदाहरणादाखल आठ किलोचं, १४ सेंटिमीटर त्रिज्येचं सपाट चाक घेऊ. त्याच्या जागी त्याच मापाचं चार किलोचं बसवलं. पहिल्या गिअरला इंजिनाच्या फेऱ्या चाकांच्या साधारण १४ पट असतात असं धरलं आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर पहिल्या गिअरला वेग घेताना हे चार किलो गाडीचं वजन सुमारे ८५ किलोंनी कमी केल्यासारखं काम करतात. म्हणजे मागच्या सीटवरचा एक धडधाकट माणूस उतरवला. ॲक्सिलरेटर टेकवताच इंजिन भुंकून उठतं, गिअर टाकताना फेऱ्या पटकन खाली येतात आणि पुढचा गिअर झटकन बसतो. ज्याला गाडी चालवण्यात रस आहे त्याला यातली मजा समजावून सांगावी लागत नाही.

आता तोच हिशोब पाचव्या गिअरला करू. तिथे इंजिनाच्या फेऱ्या चाकांच्या जेमतेम सव्वातीन पट असतात, आणि फायदा या आकड्याच्या वर्गावर ठरतो. ८५ किलोंचे उरतात साडेचार किलो. डिकीतली पाण्याची एक मोठी बाटली आणि पाना-जॅक काढून ठेवले तरी तेवढं साधतं. समृद्धीवर ताशी १२० च्या मर्यादेत नागपूर गाठणाऱ्याला हलक्या फ्लायव्हीलचा उपयोग शून्याच्या जवळ आहे. स्थिर वेगाला तर तो शून्यच, कारण जडत्वाचा संबंध वेग बदलण्याशी आहे. शक्ती एका अश्वानेही वाढत नाही. उलट जागेवरून निघताना, चढावर, ट्रॅफिकमध्ये इंजिन पटकन बंद पडतं, कारण क्लच सोडताना आधार देणारी साठवलेली गती निम्मी झालेली असते. मग माणूस जास्त रेस देऊन हाफ क्लचवर निघायला शिकतो आणि नवी प्लेट अकाली घासते.

दुकानदार किलोत बोलतो, पण किलो पुरेसा नाही. जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. कडेवरचा एक किलो हा निम्म्या त्रिज्येवरच्या एका किलोच्या चौपट भारी पडतो. म्हणून दोन फ्लायव्हील काट्यावर सारखीच भरली तरी एक शांत आणि दुसरं खडखडणारं असू शकतं. विकत घेताना वजन कुठून कमी केलंय हे पाहावं.

खडखड येते कुठून

गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा त्यातली एक जोडी शाफ्टशी बांधली जाते, बाकीच्या शाफ्टवर मोकळ्या फिरत राहतात. दातांमध्ये तेलासाठी आणि तापल्यावर फुगण्यासाठी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास फट ठेवावीच लागते. न्यूट्रलला क्लच सोडलेला असला की इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो आणि सगळ्याच जोड्या मोकळ्या असतात. शाफ्ट उसळला की मोकळा गिअर मागे राहतो, मंदावला की पुढे जाऊन आदळतो. एका बाजूच्या दातावरून दुसऱ्या बाजूच्या दातावर, सेकंदाला पंचवीस-तीस वेळा. हीच ती खडखड. रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त वाजते, तसाच प्रकार. ज्या गिअरवर भार आहे त्याचे दात एका बाजूला घट्ट टेकलेले असतात, तो गप्प असतो. वाजतात ते रिकामे.

मोकळा गिअर दाताला चिकटून राहील की सुटेल, हे दोन गोष्टींच्या ओढाताणीवर ठरतं. एकीकडे शाफ्टची उसळी, दुसरीकडे तेलाने त्या गिअरला केलेली अडवणूक. उसळी वरचढ झाली की दात सुटतो. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. उसळी कमी करा, ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू देऊ नका, किंवा अडवणूक वाढवा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही तक्रार वाढते त्याचं कारणही इथेच आहे. सकाळी गार गाडी गप्प असते. दुपारी ४० अंशांच्या उन्हात तासभर चालून केंब्रिज चौकाच्या सिग्नलला थांबली की वाजू लागते. गिअर ऑइल तापून पातळ झालेलं असतं आणि त्याची गिअरवरची पकड सैल झालेली असते.

पेडल दाबा आणि ऐका

गिअरबॉक्स उतरवणं हे या दुखण्यातलं सगळ्यात खर्चिक काम. म्हणून उतरवण्याआधी ऐकावं. गाडी न्यूट्रलला, इंजिन तापलेलं. क्लच सोडलेला असताना खडखड आणि पेडल दाबताच शांत, हे मोकळ्या गिअरांचं लक्षण. पेडल दाबलं की इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटतो. मात्र इनपुट शाफ्टचं बेअरिंग खराब असेल तरी आवाज असाच पेडलबरोबर थांबतो. फरक आवाजाच्या जातीत आहे. बेअरिंग गुरगुरतं किंवा एकसारखं घरघरतं आणि फेऱ्या वाढवल्या की तेही चढत जातं. गिअरांची खडखड तुटक असते आणि आयडलिंगच्या वर शे-दोनशे फेऱ्या नेल्या की बहुधा विरते.

उलट लक्षण असेल, म्हणजे पेडल सोडलेलं असताना शांत आणि दाबताच किरकिर किंवा शिट्टी, तर रिलीज बेअरिंग किंवा क्लचचा फोर्क पाहावा. शर्यतीचा दोन प्लेटांचा क्लच असेल तर पेडल दाबल्यावर खुळखुळणं ही त्याची जातच आहे, कारण मधली तरंगती प्लेट तेव्हा मोकळी होते. डुकाटीच्या जुन्या मोटरसायकलींच्या कोरड्या क्लचचा असा खुळखुळाट जगभर प्रसिद्ध आहे. मालक तो मुद्दाम ऐकवतात. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचे क्लच तेलात बुडालेले असतात म्हणून ते गप्प.

तिसरी परीक्षा रस्त्यावर. शेंद्र्याहून करमाडकडे जाताना चौथ्या गिअरला १२००-१३०० फेऱ्यांवर असताना ॲक्सिलरेटर दाबायचा. तेव्हाच खडखड किंवा घुमणारा आवाज आला आणि २०००–२५०० च्या पुढे तो नाहीसा झाला, तर तो चालत्या गाडीतला गिअरांचा आवाज आहे आणि क्लच प्लेटमधला स्प्रिंगांचा डॅम्पर इंजिनाला पुरा पडत नाही असा त्याचा अर्थ. चौथी परीक्षा इंजिन बंद करतानाची. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन धातूचे ठोके ऐकू आले आणि गाडीत ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील असेल, तर संशय त्याच्यावर. पाचवा प्रकार निराळाच आहे. क्लच सोडताना गाडी थरथरत निघते. ती फ्लायव्हीलच्या वजनाची बाब नाही. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग वाकडा आहे, प्लेटला तेल लागलंय, किंवा प्लेटच्या दोन अस्तरांमधली लवचीक पत्री कमी किंवा गायब आहे.

चाकाचे दोन तुकडे

गाडीला गती हवी, इंधन कमी हवं आणि आवाजही नको, हा पेच कारखान्यांनाही पडला होता. टर्बो डिझेल इंजिनं कमी फेऱ्यांना जास्त जोर देऊ लागली तशी गिअरांची खडखड वाढत गेली. साध्या रचनेत सगळं जड वजन इंजिनाच्या बाजूला आणि गिअरबॉक्सच्या बाजूला फक्त हलकी क्लच प्लेट. दोघांमध्ये क्लच प्लेटच्या स्प्रिंगा. अशा जोडणीची स्वतःची एक लय असते. त्या लयीला इंजिनाचे धक्के जुळले की कंप फोफावतो, आणि दुर्दैवाने ही लय नेमकी रोजच्या चालवण्याच्या फेऱ्यांत येते.

जर्मनीतल्या लूक कंपनीने १९८५ साली ड्युअल मास फ्लायव्हीलचं नियमित उत्पादन सुरू केलं. कल्पना अशी की चाकाचे दोन भाग करायचे. एक क्रँकला बांधायचा, दुसरा क्लचसह गिअरबॉक्सच्या बाजूला द्यायचा आणि मधे ग्रीसमध्ये बसवलेल्या लांब कमानदार स्प्रिंगा ठेवायच्या. एकूण वजन फारसं वाढवायचं नाही, फक्त निम्मं पलीकडे न्यायचं. त्यामुळे जोडणीची लय आयडलिंगच्याही खाली जाते. धोक्याच्या फेऱ्या फक्त गाडी सुरू करताना आणि बंद करताना क्षणभर लागतात. पुढे याच चाकात लोलक बसवले गेले. फेऱ्यांबरोबर आपली लय बदलणारे हे लोलक १९३० च्या दशकात विमानांच्या इंजिनांत आले होते. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ते मोटारीत उतरले.

ड्युअल मास फ्लायव्हील महाग आहे आणि ते मरतंही. वरच्या गिअरला इंजिन कुंथवत गाडी ओढणं, सॉफ्टवेअर बदलून वाढवलेला टॉर्क आणि हाफ क्लचची उष्णता ही त्याच्या मरणाची नेहमीची कारणं. ते बदलायचा आकडा ऐकला की मालक एकसंध फ्लायव्हीलकडे वळतो. यात गैर काही नाही, पण अट आहे. व्हॅलिओ या फ्रेंच कंपनीने असा बदलीचा संच विकायला काढला तेव्हा त्याबरोबर क्लच प्लेटही निराळी दिली, जिचा डॅम्पर नेहमीपेक्षा जास्त कोनातून फिरतो. चाकातल्या स्प्रिंगांचं काम प्लेटमधल्या स्प्रिंगांकडे सोपवलं. आपल्याकडच्या जुगाडात हाच अर्धा भाग गळतो. ड्युअल मास काढलं, हलकं एकसंध चाक लावलं आणि त्यावर जुन्या संचातली बिनस्प्रिंगची प्लेट बसवली. ड्युअल मासच्या जोडीला येणाऱ्या प्लेटला कित्येकदा स्प्रिंगा नसतात, कारण त्या चाकातच असतात. म्हणजे आता इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एकही स्प्रिंग उरली नाही. ही गाडी वाजणारच.

आवाज कमी करायचा क्रम

स्वस्तातून महागाकडे जावं. पहिली पायरी इंजिनाची. एक सिलिंडर कमी जोर देत असेल तर धक्के असमान होतात आणि खडखड त्याच प्रमाणात वाढते. स्पार्क प्लग, कॉइल, डिझेल असेल तर इंजेक्टर आणि हवेची गळती आधी तपासावी. जड चाक हे दोष झाकत होतं, हलकं चाक ते चव्हाट्यावर आणतं.

दुसरी पायरी आयडलिंगची. ८०० चे ९०० केले तर, धक्क्याचा जोर तोच धरल्यास, शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. शिवाय गिअर वेगाने फिरल्याने तेलाची अडवणूक थोडी वाढते. अनेक गाड्यांत एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते. किंमत म्हणून उभ्या गाडीत थोडं जास्त इंधन जळतं. शंभरापेक्षा जास्त वाढवण्यात अर्थ नाही, कारण मग गाडी ट्रॅफिकमध्ये पुढे सरकत राहते.

तिसरी पायरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगची. माउंटिंगचं रबर बसलेलं असेल तर तोच आवाज केबिनमध्ये दुप्पट वाटतो. हलक्या फ्लायव्हीलसोबत पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग बसवण्याची फॅशन आहे. खडखडीची तक्रार असलेल्याने ती आधी काढून मूळ रबर लावावं. गिअर लिव्हरच्या बुटाखालची फाटलेली रबरी झडपही पाहावी. कित्येकदा आवाज तिथूनच वर येतो. पत्र्याला ब्युटाइलची चादर चिकटवली की पत्र्याचा गुंजारव दबतो, मूळ ठोके नाही. ते काम शेवटी करावं.

चौथी पायरी तेलाची. कंपनीने दोन दर्जांची परवानगी दिली असेल तर त्यातला घट्ट निवडावा, जुनं तेल बदलावं आणि पातळी नीट भरावी. तेल कमी असेल तर मोकळ्या गिअरांना अडवणारं कोणी उरत नाही. परवानगीच्या पलीकडचं घट्ट तेल मात्र घालू नये. थंडीच्या सकाळी गिअर अडकून पडायला लागतील. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘हेवी ड्युटी’ म्हणून जीएल-५ ओतण्याचा मोहही टाळावा. त्यातली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रोनायझर रिंगांना मानवतीलच असं नाही.

पाचवी पायरी क्लच प्लेटची, आणि खरा इलाज हाच. प्लेटच्या मध्याभोवती ज्या स्प्रिंगा दिसतात त्या मुख्य डॅम्परच्या. चांगल्या प्लेटमध्ये त्यांच्याखेरीज बारीक, मऊ स्प्रिंगांचा आणखी एक संच असतो, तो फक्त आयडलिंगच्या हलक्या जोरासाठी. त्याला प्रीडॅम्पर म्हणतात. न्यूट्रलमधली खडखड मारतो तो हा. बरोबरीने घर्षणाच्या वॉशर असतात, त्या स्प्रिंगांना हेलकावे खाऊ देत नाहीत. प्लेटला स्प्रिंगा आहेत की नाहीत एवढं पाहून भागत नाही. शर्यतीच्या प्लेटमधल्या स्प्रिंगा इतक्या कडक असतात की आयडलिंगच्या धक्क्याला त्या दबतच नाहीत आणि गिअरबॉक्सला त्या असून नसल्यासारख्या. सिरॅमिक बटणांची, मधे गच्च प्लेट ही रोजच्या गाडीची चीज नाही. अस्तरं नेहमीची ऑरगॅनिक आणि मधे प्रीडॅम्पर असलेला डॅम्पर, अशी जोडी हलक्या चाकाला लावली तर आवाज बराच आवाक्यात येतो. टॉर्क वाढवलेला असेल तर पकड प्रेशर प्लेटकडून वाढवावी, प्लेटचा मऊपणा विकून नाही.

सहावी पायरी चाकाचीच. मूळच्या निम्म्या जडत्वाऐवजी पाऊण ठेवलं तर पहिल्या गिअरचा निम्मा फायदा हाती राहतो आणि खडखडीचा पुष्कळसा भाग जातो. क्रँकच्या पुढच्या टोकाला असलेली रबराची डॅम्पर पुली काढून ॲल्युमिनियमची हलकी पुली लावली असेल तर मूळची पुलीही परत बसवावी. ती पुली क्रँकचा पीळ मारायला असते. आवाजाबरोबर क्रँकचं आयुष्यही तिच्यावर अवलंबून आहे.

लेथवर जे करू नये

नवं हलकं फ्लायव्हील घेणं परवडत नाही म्हणून मूळचं बिडाचं चाक लेथवर चढवून खरवडण्याचा मार्ग सर्रास वापरला जातो. आवाजाचा प्रश्न इथे दुय्यम होतो. १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कड ६००० फेऱ्यांना सेकंदाला ८८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३१७ किलोमीटर वेगाने फिरते. कड स्वतःलाच बाहेर ओढत असते आणि हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ७५०० फेऱ्यांना तो दीडपटीहून जास्त होतो. बीड ओढ सोसण्यात कच्चं असतं, आणि त्यात वजन काढण्यासाठी भोकं पाडली की भोकाच्या काठाशी ताण जवळपास तिप्पट होतो. चाक फुटलं तर तुकडे ॲल्युमिनियमची हाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि ती जागा चालकाच्या पायांजवळची असते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींत एसएफआय या संस्थेच्या निकषांत बसणारी फ्लायव्हील सक्तीची झाली ती अशाच अपघातांच्या धाकाने. हलकं चाक घ्यायचं तर फोर्ज केलेल्या पोलादाचं घ्यावं, किंवा ॲल्युमिनियमचं असेल तर घर्षणाच्या जागी पोलादी चकती बसवलेलं.

बॅलन्सिंगचंही तसंच. फ्लायव्हीलसाठी आंतरराष्ट्रीय मानकात जी ६.३ हा दर्जा धरतात. चार किलोच्या चाकाला ६००० फेऱ्यांसाठी तो लावला तर कडेजवळ साधारण ०.३ ग्रॅमचाच असमतोल चालतो. लेथच्या चकमध्ये डोळ्यांनी पाहून एवढं साधत नाही, त्याला बॅलन्सिंग मशीनच लागतं. या असमतोलाचा आवाज खडखडीचा नसतो. तो फेऱ्यांबरोबर चढणारा गुणगुणाट असतो आणि स्टिअरिंगपर्यंत येतो. खडखड समजून त्यावर तेल बदलत बसणारे थकतात.

कोणाला परवडतं

नाशिकच्या रॅलीसारख्या स्पर्धांमध्ये उतरणारी गाडी वाजली तर बिघडत नाही. तिथे हेल्मेट असतं, इंजिन ३००० च्या खाली क्वचितच येतं आणि पहिल्या गिअरचे ८५ किलो सेकंदांत मोजले जातात. रोज शेंद्रा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या, महिन्यातून दोनदा जालन्याला जाणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा आहे. तिला फायदा मिळतो तो सिग्नलवरून सुटताना पाच-सहा सेकंद. खडखड मात्र प्रत्येक सिग्नलला मिळते. त्यातून तीन सिलिंडरची किंवा डिझेल असेल तर या फंदात न पडलेलं बरं. तीन सिलिंडरचे धक्के विरळ असतात आणि डिझेलचे जोरकस, त्यामुळे दोघांनाही चाकाचं जडत्व जास्त लागतं. ड्युअल मास गेलंच असेल तर ते पुन्हा तसंच बसवावं, नाहीतर लांब डॅम्परच्या प्लेटसह आलेला पूर्ण संच घ्यावा. अर्धा संच घेऊ नये.

मोकळे गिअर वाजल्याने गिअरबॉक्स आठवडाभरात मोडत नाही, ही दिलाशाची बाब. आयडलिंगची खडखड बहुतांशी कानाला त्रास देते, दातांना कमी. चालत्या गाडीत भाराखाली येणारा आवाज मात्र वर्षानुवर्षं तसाच चालवू नये. तिथे ठोक्यांचा जोर मोठा असतो आणि सिंक्रोनायझर, बेअरिंग आणि शाफ्टवरच्या खाचा हळूहळू सैल होतात.

ज्यांना हौस करायचीच आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचा सल्ला असा. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी. फ्लायव्हील ठरवताना त्याच दिवशी प्रीडॅम्परची प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या मागचं ऑइल सील आणि नवं गिअर ऑइल यांची यादी करावी, चाक आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्यावी आणि माउंटिंग तपासायला सांगावं. फ्लायव्हीलवर सगळं बजेट संपत असेल तर हलकं फ्लायव्हील सोडून द्यावं आणि त्याच पैशात बाकीची यादी पूर्ण करावी. मूळच्या जड चाकावर चांगली प्लेट, ताजं तेल आणि धड माउंटिंग बसलं तर गाडी पहिल्या गिअरला ८५ किलो जड राहील खरी. पण संभाजीनगर ते करमाड या रस्त्यावर ते वजन कोणाला जाणवणार नाही, आणि सिग्नलला उभ्या गाडीत गाणं ऐकू येईल.